दुसरी तबकडी

नवरात्र संपले होते आणि दिवाळीच्या साफसफाईला अजून हात लागायचा होता, अशा एका सकाळी आमच्या दारात एक चपटे, चौकोनी पार्सल येऊन पडले. सोलापुरात ज्या दिवशी पाण्याची पाळी असते त्या दिवशी घरातल्या कोणालाही दुसरे काही सुचत नाही. नेमकी त्याच दिवशी आमची पाळी होती. पिंप, बादल्या, कळश्या, एवढेच काय पण तेलाचे रिकामे डबेसुद्धा नळाकडे तोंड करून रांगेत उभे होते. त्या धांदलीत आमच्या सौभाग्यवतींनी ओल्या हातानेच ते पार्सल घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि “आरसा दिसतोय. फुटला तर मला बोलू नका,” असे म्हणून माझ्या हाती सोपवले.

इतक्यात मुलगी आतून धावत आली. “बाबा, ओल्या हातांनी नको! त्यात तबकडी आहे.”

तबकडी! हा शब्द आमच्या घरात किती वर्षांनी उच्चारला गेला कोण जाणे. तिने शिकवण्यांचे पैसे साठवून दोन महिन्यांपूर्वी पेटीसारखा एक फोनो आणला होता. त्यावर वाजवायला घरात काहीच नव्हते. म्हणून तो इतके दिवस खिडकीत नुसता बसून होता आणि त्याच्या झाकणावर आमचे मांजर झोपत होते. आता त्याची तबकडी आली होती. किंमत विचारल्यावर तिने जो आकडा सांगितला त्यात आमच्या सोलापूरच्या चांगल्या दणकट चादरी घरातल्या प्रत्येकाला एकेक आल्या असत्या आणि एखादी पाहुण्यांसाठी उरली असती. मी तसे बोलूनही दाखवले. “चादर गात नाही, बाबा,” एवढेच उत्तर मिळाले.

मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिक झाल्यावर ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या आणि खडूची पेटी घेऊन वर्गात शिरलो तो अजून बाहेर पडलेलो नाही. त्यामुळे वेष्टन फाडल्यावर माझी नजर पहिल्यांदा गेली ती वरच्या चित्रावर. एक अरुंद रस्ता. दोन्ही बाजूंना उंच घरे. रस्त्यात विरघळू लागलेला मळका बर्फ. आणि त्या बर्फातून अंगाला अंग लावून चालत येणारी दोन तरुण माणसे. पोराने खिशात हात खुपसले आहेत, मान खाली घातली आहे, आणि अंगातले जाकीट असल्या थंडीला पुरणारे नाही हे उघड दिसते आहे. पोरीने त्याचा दंड दोन्ही हातांनी धरला आहे. बस्स, इतकेच. गवयाचे छायाचित्र म्हटले की तंबोरा, शाल आणि डोळ्यांत समाधी असे काही तरी पाहायची आपल्याला सवय. इथे तर वाद्याचा पत्ताच नाही. दोन माणसे कुठून तरी कुठे तरी निघाली आहेत, आणि पाहणाऱ्याला वाटते, आपणही चार पावले यांच्या मागून जावे. वर्गात मुलांना ‘रस्त्यावरील दृश्य’ हा विषय मी दर वर्षी देतो. पुढच्या वेळी हे चित्र घेऊन जाणार आहे.

तबकडी होती बॉब डिलन या अमेरिकन गायकाची. हा मनुष्य स्वतः गाणी लिहितो, स्वतःच चाली लावतो आणि एक गिटार नि गळ्यात अडकवलेला एक तोंडाचा बाजा एवढ्या सामग्रीवर गातो. निदान त्या काळी तरी एवढ्यावरच गात असे. त्याला २०१६ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत दोन दिवस वाद झाला होता, की गाणे लिहिणाऱ्याला साहित्यिक म्हणावे की नाही. ज्या शहराने राम जोशी दिला त्या शहरात हा वाद व्हावा याची मला तेव्हाही गंमत वाटली होती. संस्कृतातले पाठांतर सोडून लावणीच्या नादी लागलेल्या त्या ब्राह्मणाला त्याच्या काळच्या सोवळ्या लोकांनी काय म्हटले असेल, ते काही निराळे नसावे.

“हीच का घेतलीस?” मी विचारले.

“ही त्याची दुसरी आहे म्हणून,” ती म्हणाली आणि नळ सुटल्याची हाक आली म्हणून निघून गेली.

तिच्या या उत्तराने मी चपापलो, आणि त्याला दोन कारणे होती. त्यांतले एक घरात सर्वांना ठाऊक होते, दुसरे फक्त मला.

सर्वांना ठाऊक होते ते असे. तीन वर्षांपूर्वी तिने आपल्या आजीवर एक गाणे केले होते. तिची आजी जन्मभर विड्या वळत आली. सुपात तेंदूची पाने घेऊन दारात बसलेली, बोटे चालू आणि डोळे रस्त्यावर, ही तिची मूर्ती सबंध गल्लीला परिचित होती. मुलीने ते गाणे गिटारवर बसवले, कॉलेजच्या संमेलनात म्हटले, आणि लोकांनी ते डोक्यावर घेतले. भाजीवालीसुद्धा “आजीच्या गाण्याची पोरगी ती हीच का?” असे विचारू लागली. पुढल्या वर्षी तिने दुसरे गाणे लिहिले. त्यासाठी ती चार महिने खपली. संमेलनात ते सुरू झाले, एक कडवे झाले, आणि मागच्या बाकांवरून आवाज आला, “आजीचं म्हण, आजीचं!” मग सगळेच ओरडू लागले. तसे पाहिले तर त्यात कुचेष्टा नव्हती. लोकांना ते पहिले गाणे खरोखरीच आवडले होते. पण ती गाणे अर्धे टाकून खाली उतरली. गिटार कपाटावर गेले, त्याच्यावर एक जुनी चादर पडली, आणि त्या विषयावर घरात बोलायचे नाही असे न बोलताच ठरले.

दुसरे कारण असे की माझी पहिली कादंबरी छापून येऊन नऊ वर्षे झाली. गिरणी बंद पडल्यावर चाळीत काय झाले याची ती हकीकत होती. लिहिताना मला काही शोधावे लागले नाही. वडिलांकडे पाहायचे आणि लिहायचे. ती बरी चालली, एक लहानसे बक्षीसही मिळाले. मग मी दुसरीला हात घातला. ती उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावाची होती. सहा वर्षे लिहीत होतो. या श्रावणात ती प्रकाशकाकडून परत आली. सोबत सभ्य भाषेत एक पत्र होते. त्यात पहिल्या कादंबरीचे कौतुक जरा जास्तच होते. मी ते बाड शाळेतल्या जुन्या ड्रॉइंगच्या कागदांखाली घालून ठेवले आणि घरी सांगितले, “वाचताहेत.” पोस्टमन दिसला की सौभाग्यवती आशेने पाहत आणि मी पेपरात तोंड घालीत असे.

संध्याकाळी फोनो सुरू झाला. सुई खाली आली, जरा खरखरली, आणि गिटार वाजू लागले. माझे इंग्रजी मॅट्रिकचे; त्यामुळे गाण्याच्या ओळी माझ्यापर्यंत मोडक्यातोडक्याच आल्या. मुलगी अधूनमधून अर्थ सांगत होती. आवाज मात्र समजला. तो गोड नाही. नाकातून येतो, मधेच तुटतो, बाविशीतल्या पोराचा असून साठीतल्या म्हाताऱ्यासारखा लागतो. पण तो बाविशीतलाच होता. तबकडी २७ मे १९६३ रोजी निघाली आणि त्याला बाविसावे पुरे होऊन तीनच दिवस झाले होते.

तिच्याआधीची, म्हणजे पहिली तबकडी १९६२ च्या मार्चमध्ये निघाली होती. ती दोन दिवसांत गाऊन संपवलेली. तेरा गाण्यांपैकी त्याची स्वतःची फक्त दोन. बाकीची जुनी, लोकांची. पहिल्या वर्षात जेमतेम पाच हजार प्रती खपल्या. जॉन हॅमंड नावाच्या ज्या जाणत्या गृहस्थाने त्याला कंपनीत आणले होते, त्याची कंपनीतले लोक थट्टा करू लागले. या पोराला ‘हॅमंडचा वेडेपणा’ असे नाव पडले. अशा वेळी दुसरी तबकडी करायची! त्याने तिला वर्ष घेतले. आणि तेरा गाण्यांपैकी एकदोन वगळता सगळी स्वतःची घातली. लोक ज्या प्रश्नगीतामुळे त्याला आज ओळखतात ते याच तबकडीवरचे पहिले. त्याची चाल त्याने गुलामीतल्या काळ्या लोकांच्या एका जुन्या गाण्यावरून उचलली. आपल्याकडे शाहीर हेच करीत आले. चाल गावाची, शब्द आपले.

या तबकडीच्या पहिल्या बाजूच्या शेवटी पावसाचे एक लांबलचक गाणे आहे. क्यूबाच्या प्रकरणात आता अणुयुद्ध होणार अशी धास्ती जगाला पडली, त्या रात्री ते लिहिले गेले अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, फक्त खरी नाही. केनेडी यांचे ते भाषण २२ ऑक्टोबर १९६२ चे, आणि हा गाणे म्हणून मोकळा झाला होता त्याच्या बरोबर एक महिना आधी, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये. भीती आधी गाण्यात आली आणि मग वर्तमानपत्रात. पण लोकांना कारण आधी आणि गाणे मागून असेच बरे वाटते. माझ्या पहिल्या कादंबरीतली म्हातारी कोणाची कोण, यावर चाळीत अजून पैजा लागतात.

ही माहिती मुलगीच मला पुरवीत होती. तिने ती कुठून कुठून वाचून ठेवली होती. बोलता बोलता ती म्हणाली, “आणि बाबा, तबकडी तयार झाली होती. छापायला गेली होती. तेव्हा चार गाणी काढली त्याने.”

“काढली म्हणजे?”

“एका गाण्याला कंपनीचे वकील घाबरले. त्याच्याबरोबर आणखी तीन गेली आणि नवी चार आली. काही जुन्या प्रती चुकून बाहेर गेल्या, त्यांना आता वेडी किंमत आहे. पण नवी आली त्यांत दोन तर अशी आहेत, की ती नसती तर ही तबकडी मी घेतलीच नसती.”

मी काही बोललो नाही. माझ्या परत आलेल्या बाडातली चार प्रकरणे माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. धरणाचा इतिहास, धरणाचे क्षेत्रफळ, धरणाच्या चौकशा! सहा वर्षांत जमवलेली माहिती फुकट जाऊ नये म्हणून मी ती कादंबरीत कोंबली होती. माझी नायिका त्या चार प्रकरणांत कोठेही दिसत नाही. ती कोठे जाते हे मला विचारायचे त्या प्रकाशकाच्या वाचकाने सौजन्याने टाळले असावे.

आबा, म्हणजे माझे वडील, एवढा वेळ ओसरीवर बसून ऐकत होते. आबांची हयात गिरणीत साच्यावर गेली. गिरणीचा भोंगा बंद होऊन इतकी वर्षे झाली तरी त्यांना पहाटे त्याच वेळी जाग येते. एक बाजू संपल्यावर ते आत आले.

“ह्यो गातोय का भांडतोय, ते सांग आधी,” त्यांनी नातीला विचारले.

“दोन्ही, आबा.”

“मग शाहीर हाय म्हन की!” असे म्हणून त्यांनी खाली बैठक मारली. तबकडी हातात घेऊन तिचे वजन पाहिले, नखाने वाजवली. “ही लाखेची न्हाई.”

आबांचे बरोबर होते. त्यांच्या लहानपणी गिरणीच्या नाक्यावरल्या हॉटेलात वाजत त्या तबकड्या लाखेच्या. आपल्याकडच्याच झाडांवर किडे ती लाख करीत. कलकत्त्यात तबकड्यांचा कारखाना १९०८ पासून होता. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे, आणि हातातून पडली की शकले. प्लॅस्टिकच्या जातीची ही लांब तबकडी १९४८ साली अमेरिकेत आली. ती मिनिटाला तेहतीस फेरे आणि वर तिसरा हिस्सा इतकी सावकाश फिरते, म्हणून एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटांचे गाणे मावते.

“आमच्या शाहिराला मातुर माईक लागत न्हवता,” आबा म्हणाले.

आबांचा शाहीर म्हणजे अमर शेख. ते बार्शीचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. २० ऑक्टोबर १९१६ चा त्यांचा जन्म. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. आई मुनेरबी, तिच्या ओठांवरची गाणी ऐकत ते वाढले. पुढे मोटारीवर क्लीनर झाले, गिरणीत कामगार झाले, संपात पडले, विसापूरच्या तुरुंगात जाऊन आले. मग अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढले आणि मराठी मुलूख पालथा घातला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तर या माणसाचा आवाज म्हणजे तोफखाना होता. या गोष्टी पुस्तकांत आहेत. पुस्तकांत नाही ते आबांपाशी आहे.

“मी धा वर्सांचा आसन,” आबा सांगू लागले. “बापाचं बोट धरून गेलो. दिवसपाळी सुटलेली, कुनाच्या बी डोक्यावरचा कापूस झटकलेला न्हाई. सगळं मैदान पांढरं. आन् शाहीर उठला. हात असा वर केला. पयला सूर लावला आन् पोरी, माझ्या बापानं माझं बोट इतकं दाबलं, इतकं दाबलं, की मी रडायला लागलो. त्याला कळलंच न्हाई. दुसऱ्या दिवशी बोट सुजलं हुतं.”

मी हे पूर्वी कधी ऐकले नव्हते. कादंबरीसाठी मी आबांना महिनोन् महिने प्रश्न विचारले होते. पगार किती, पाळ्या किती, टाळेबंदी केव्हा. बोट सुजल्याचे विचारायचे राहून गेले.

मी उठून माझ्या कपाटातून एक टिपणवही काढली. अमर शेखांनी लिहिलेही पुष्कळ. ‘अमरगीत’ हा गीतांचा संग्रह १९५१ चा. मग कविता म्हणून त्यांनी ‘कलश’ १९५८ मध्ये दिला, आणि दुसरा कवितासंग्रह, ‘धरतीमाता’, १९६३ साली. साल पाहून मी थबकलो. न्यूयॉर्कमध्ये तो पोरगा आपली दुसरी तबकडी बाहेर काढीत होता, त्याच वर्षी आमचा बार्शीकर आपले कवितांचे दुसरे पुस्तक. एकाचे मूळ नाव रॉबर्ट झिमरमन, दुसऱ्याचे मेहबूब पटेल. दोघांनीही गाण्यासाठी नवे नाव घेतले. एकाला दुसऱ्याचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. शाहिराच्या पुढ्यात लाखांचा समुदाय टाळ्या वाजवीत होता. त्याने लोकांना हवे तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले असते तरी भागले असते. तरीही हा माणूस घरी जाऊन, एकटा बसून, टाळ्या न वाजणारी कविता लिहीत होता. पुढे सहाच वर्षांनी, २९ ऑगस्ट १९६९ ला, इंदापूरजवळ मोटारीच्या अपघातात तो गेला. आबा त्या दिवशी कामावर होते. खात्यात बातमी आली तेव्हा साच्यांच्या आवाजात कोणाला काही ऐकू येईना, म्हणून ती एकाने दुसऱ्याला ओठांच्या हालचालींनी सांगितली, असे ते म्हणाले.

“तुमचं दुसरं पुस्तक कुठवर आलं, बाबा?” मुलीने मधेच विचारले. तिने ते सहज विचारले होते. तबकडी उलटवता उलटवता.

मी नेहमीचे उत्तर द्यायला तोंड उघडले आणि म्हणालो, “परत आलं. श्रावणातच.”

स्वयंपाकघरात भाकरी थापण्याचा आवाज थांबला. आबांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते तबकडीच्या चित्रातल्या पोरीकडे पाहत राहिले.

“मग सांगितलं का नाही?”

“तू गिटार खाली का काढत नाहीस?” मी म्हणालो. बाप झाल्यावर माणूस लबाड होतो. पण त्या लबाडीचा तिला राग आला नसावा. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “ते दुसरं गाणं वाईटच होतं, बाबा. लोक ओरडले म्हणून नाही. मला खाली उतरताना बरं वाटलं होतं. तेच कोणाला सांगता येईना.”

“माझीही चार प्रकरणं वाईट आहेत,” मी म्हणालो.

“चारच?” आतून आवाज आला. भाकरी पुन्हा सुरू झाली. आमच्या सौभाग्यवतींनी ते बाड शाळेत जाण्यापूर्वी वाचले होते, हे मला त्या एका शब्दावरून कळले. ते परत आलेलेही त्यांना ठाऊक होते का? मी विचारले नाही. पोस्टमनकडे पाहणे निदान आता थांबेल.

दुसरी बाजू सुरू झाली. तिसरे गाणे मिसिसिपीतल्या एका गावाचे आहे. तिथल्या विद्यापीठात १९६२ साली जेम्स मेरेडिथ या काळ्या विद्यार्थ्याला प्रवेश द्यायचा म्हणून दंगल झाली, माणसे मेली. मुलगी आबांना ते समजावून सांगत होती आणि आबा मान डोलावीत होते. त्यांना त्यात काही नवल वाटल्याचे दिसले नाही. गाणे मात्र तुरुतुरु पळणारे, पोरांनी म्हणावे असे. “वंगाळ गोष्ट हसत सांगतोय बेटा,” ते म्हणाले. “जमतंय त्याला.”

एवढ्यात वीज गेली.

आवाज तुटला, पण तबकडी आपल्याच भाराने फिरत राहिली. अंधारात मुलगी एकदम “श्श” म्हणाली आणि सुईपाशी कान नेला. आम्हीही वाकलो. सुई स्वतःच गात होती. अगदी बारीक, डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखा तो पोरगा गात होता. मग सूर जड होत गेला, शब्द लांबले, आणि एका खोल हुंकारावर सारे थांबले. एवढे मोठे यंत्र, पण खरा आवाज म्हणजे त्या रेघेतली ही खरखर!

आणि मग आबा गाऊ लागले. शब्द त्यांना पुरते आठवत नव्हते. दोन शब्द लागत, मग नुसतीच चाल, मग पुन्हा एखादा शब्द. ऐंशीला टेकलेल्या माणसाचा आवाज, त्यात गिरणीतल्या कापसाने छातीची झालेली चाळण. तरी दर वेळी वर जायची जागा आली की त्यांचा हात अंधारात वर जात होता, हे भिंतीवरच्या सावलीवरून नाही, तर बांगडीसारख्या वाजणाऱ्या त्यांच्या सैल घड्याळावरून कळत होते.

कपाटापाशी स्टूल सरकल्याचा आवाज झाला. चादर खाली पडली. वर्षभर न छेडलेल्या तारा सगळ्या उतरलेल्या होत्या. मुलगी एकेक खुंटी पिळून आबांचा सूर शोधू लागली.

“वर घे,” आबा गाणे थांबवून म्हणाले. “आजून वर. शाहिराचा आवाज तिथं न्हवता.”

“आबा, तार तुटेल.”

“तुटू दे. वर घे.”

“त्या तारेचं नंतर बघा,” आतून सौभाग्यवती ओरडल्या, “आधी कोणी तरी काडेपेटी आणा. माझी भाकरी करपतेय!”